दिवसातून चार वेळा आटवल

मंगळवार, २१ जानेवारी

ही डायरी आमच्या पॉलिटेक्निकात फुकट वाटली. पहिल्याच पानावर छापलंय, ‘यंदाचे संकल्प’. खाली मी लिहिलं होतं : रोज अर्धा तास चालणे. आज पाळण्यापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून पाळण्यापर्यंत इतका चाललो की तीन आठवड्यांचं राहिलेलं चालणं एका दिवसात भरून निघालं.

प्रकरण भर दुपारी बारा वाजता सुरू झालं. सानिका माझ्या मांडीवर बसून शर्टाचं बटण चघळत होती. वय दहा महिने, दात अडीच. एकदम थांबली, माझ्याकडे फार समजूतदार नजरेने पाहिलं आणि सकाळपासूनचं सगळं माझ्या खिशात परत केलं. खिशात सेकंड इयरच्या मार्कांची यादी होती. आता कोण पास नि कोण नापास ते देवालाच ठाऊक.

ऋजुताचं पोट कालपासूनच बिघडलेलं. ती आडवी आहे. लेकीला पाजायला उठते आणि पुन्हा आडवी होते. म्हणजे या घरात पायांवर उभा असलेला एकुलता एक माणूस मी! मला भीती वाटायला हवी, आणि वाटतेही आहे, पण खरं सांगायचं तर जरा रुबाबदारही वाटतंय.

दोघी झोपल्यात तोवर ‘वैयक्तिक माहिती’चं पान भरून टाकलं. नाव हर्षद. मूळ गाव बार्शी. नोकरी, पोरांना काँक्रीट शिकवणे. सासुरवाडी आंजर्ले. रक्तगटाची जागा कोरी आहे, ऋजुताला विचारावा लागेल.

आणि आता मोठी बातमी. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला आणि त्या माझ्याशी बोलल्या! लग्नाला चार वर्षं झाली, पण कमलाबाईंचं माझ्याशी फोनवरचं बोलणं आजवर एकाच वाक्याचं, “ऋजुता आहे का जवळ?” मी घाटावरचा. ज्वारी खाणारा. मोठ्याने हसणारा. त्यांनी मला कधी एका शब्दाने दुखवलं नाही, उलट ‘हर्षदराव’ आणि ‘तुम्ही’ म्हणून इतका मान दिला की चार वर्षं मी त्यांच्या ओटीवर पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेला बसतोय.

एरवी त्या पहिल्या गाडीने आल्या असत्या. पण पंधरा दिवसांपूर्वी बागेच्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरात आहे. सासरे मोहोराची फवारणी सोडून हलू शकत नाहीत. त्यामुळे म्हणाल्या, “तिला उठवू नका. तुम्हीच सांगा काय ते.” त्यांच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येते आणि तिथे वारा असा की निम्मं बोलणं समुद्राकडे जातं. तरी चार मिनिटं बोललो. मी घड्याळ लावून पाहिलं.

बुधवार, २२ जानेवारी

बालरोगतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आलो. गेल्या आठवड्यात लस द्यायला नेली तेव्हा सानिकाचं वजन आठ किलो तीनशे ग्रॅम होतं. आज सात किलो सातशे पन्नास. मी काटा तपासून घ्या म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “काटा बरोबर आहे. बाळाला विषाणूचा त्रास आहे.”

मग त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं आणि मी सगळं लिहून घेतलं. आईचं दूध चालूच ठेवायचं. ओआरएस छोट्या चमच्याने, मिनिट-दोन मिनिटांनी एक. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू. झिंकचं औषध चौदा दिवस. डायपर ओला होतोय का बघायचं. मरगळली, डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, तर फोन न करता थेट घेऊन यायचं. उलट्या थांबल्या की नेहमीचं खाणं लगेच सुरू, मऊ करून. मी ‘मऊ’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

घरी आल्यावर चमचा मोहीम. डावा हात तिच्या मानेखाली, उजव्या हातात चमचा, समोर भिंतीवरचं घड्याळ. एक. दोन. तीन. चाळिसाव्या चमच्याला तिने ओकून हिशेब शून्यावर आणला. दहा मिनिटं थांबून पुन्हा एक, दोन, तीन. आलेखाच्या कागदावर मी ओल्या डायपरांची रेघ काढतोय, निळ्या पेनाने, आणि दुसऱ्या प्रकारच्या डायपरांची लाल पेनाने. लाल रेघ निळीच्या फार पुढे आहे.

चिमाकाकी केरवारे करायला आल्या, आलेख पाहिला आणि म्हणाल्या, “काय ओ दादा, ह्यो सेन्सेक्स काय?”

गुरुवार, २३ जानेवारी

उलट्या थांबल्या! सकाळपासून एकही नाही. मी स्वयंपाकघरात एकटाच नाचलो आणि डब्याला लागून करंगळी सुजवून घेतली.

आता खाणं. बार्शीला फोन लावला. आमची आई म्हणाली, “भात नको रे बाबा, भात थंड. पोटाला विसावा दे. डाळीचं पाणी पाज.” हे मला पटलं. आमच्याकडे भात म्हणजे जेवण संपलं हे सांगायला वाढायची गोष्ट, तो आजारी लेकराला काय द्यायचा! शिवाय डॉक्टरीणबाईंनी मऊ सांगितलं होतं आणि पाण्याइतकं मऊ जगात दुसरं काय आहे? मुगाच्या डाळीचं वरचं निवळ पाणी काढलं, गाळलं, पुन्हा गाळलं. सानिका ते निमूट प्यायली.

आणि मग अकरा वाजता सासूबाईंचा फोन. हा प्रसंग मला शब्दशः लिहून ठेवायचाय.

आधी वारा. मग त्यांनी विचारलं, “उलट्या थांबल्या ना? मग? आठवलं?”

चार वर्षांत या बाईंनी मला चहात साखर किती हेही विचारलं नव्हतं. आणि आज, विहिरीवर उभं राहून, मोडका हात घेऊन, विचारतायत की आमची आठवण झाली का!

“हो आई,” मी म्हटलं, “आठवलं.”

“किती?”

“खूप!”

“खूप नको,” त्या म्हणाल्या. “थोडं थोडं. दिवसातून चार वेळा.”

किती सुंदर बोलतात! कमी शब्दांत, मोजून. मी म्हटलं, “आज सकाळपासून दोनदा झालं.” त्या म्हणाल्या, “छान. तूप दोन दिवसांनी.” तूप कशाला ते कळलं नाही, वारा फार होता.

ऋजुता उठल्यावर तिला सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. “आई? आमची आई असं म्हणाली? मी तीन वर्षं पुण्याला हॉस्टेलवर होते हर्षद, मला एकदासुद्धा नाही विचारलंन आठवण येते का म्हणून!” आणि भिंतीकडे तोंड करून चक्क रुसली. मला वाईट वाटलं, पण थोडंसंच.

शुक्रवार, २४ जानेवारी

आजचा आहार : डाळीचं पाणी, सफरचंद उकडून त्याचं पाणी, पेजेवरचं पाणी (हे माझं स्वतःचं डोकं), पुन्हा डाळीचं पाणी. लाल रेघ खाली आली. ऋजुता खुर्चीत बसून लिंबाचं सरबत प्यायली. सगळं कसं मार्गावर आहे.

सासूबाईंचा फोन अकराला. मी साडेदहापासूनच फोन खिशात घेऊन हिंडत होतो.

“आठवलं?”

“दिवसभर आठवतो, आई,” मी म्हटलं. एकदा बांध फुटला की फुटला.

“अहो, दिवसभर नको,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “लागेल!”

लागेल! म्हणजे मनाला लागेल. माझ्या मनाला लागेल याची यांना काळजी! म्हटलं, “खरं सांगू का, कधी कधी डोळ्यांत पाणी येतं.”

त्या म्हणाल्या, “मिरी घालू नका हो, लहान आहे ती.”

हा आंजर्ल्याकडचा वाक्प्रचार असावा. ऋजुतालाही ठाऊक नाही. बहुतेक ‘भावनेला फार तिखट-मीठ लावू नका’ अशा अर्थी म्हणत असतील. उद्या विचारून घेईन.

शनिवार, २५ जानेवारी

आज हसू येत नाहीये.

डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. पाणी अंगात पुरेसं आहे म्हणाल्या, डायपर ओले होतायत, जुलाब जवळजवळ थांबले. मी मान ताठ करून बसलो होतो. मग त्यांनी तिला काट्यावर ठेवलं. सात किलो सहाशे.

“काय काय देताय?”

मी यादी वाचून दाखवली.

“म्हणजे पाणी,” त्या म्हणाल्या, “पाणी, पाणी आणि पाणी. सर, पाण्याने पोट भरतं, वजन भरत नाही. मी नेहमीचं खाणं सांगितलं होतं.” त्या चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “मंगळवारी संध्याकाळी आणा. तोवर खायला लागली नाही आणि वजन असंच उतरत राहिलं, तर दाखल करून घेऊ.”

रिक्षात मी तिला उचलून धरलं होतं. तिच्या फ्रॉकची बाही तिच्या दंडावर ढिली लोंबत होती. ही बाही गेल्या आठवड्यात वळ उठवायची. हे मी केलं. मी, ज्याने गाळून गाळून पाणी दिलं आणि वर त्याचा आलेख काढला.

घरी आल्या आल्या वरणभात कालवला, केळं कुस्करलं, रव्याची खीर केली. तिने तोंडच उघडलं नाही. ओठ असे मिटून घेतले की बोट शिरणार नाही, आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे. आईचं दूध तेवढं पिते. चार दिवस चमच्यातून औषध, ओआरएस आणि माझं पाणी येत राहिलं, आता चमचा दिसला की दार बंद. चिमाकाकी फडकं पिळत उभ्या होत्या. “इतके दिस नुसता पाणी घातलाव तिच्या पोटात. ती काय आंब्याचा कलम हाय?”

सासूबाईंना खरं ते सांगितलं. वजन उतरलं, मंगळवारी दाखल करायची वेळ येईल.

“उतरलं?” त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “दिवसातून चार चार वेळा, आणि तरी उतरलं?”

मी म्हटलं, “आई, नुसत्या आठवणीने काय होणार?”

फोन बंद झाला. रेंज गेली असेल.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो नाही. सकाळपासून तीन वेळा प्रयत्न, तीन वेळा बंद दार.

दुपारी एक वाजता दारात रिक्षा थांबली. पुढे छोटा झेंडा लावलेली. आतून उतरल्या सासूबाई! उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात पिशवी, केस वाऱ्याने उडालेले. पहाटे आंजर्ल्याहून निघाल्या, दापोलीला गाडी बदलली आणि प्लास्टर धरून रत्नागिरीपर्यंत आल्या. पाय धुतले, हात धुतला, ऋजुताच्या गालावरून बोटं फिरवली, सानिकाला डोळे भरून पाहिलं, तिची ढिली बाही दोन बोटांत धरून पाहिली आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. एकेका पातेल्यावरचं झाकण डाव्या हाताने उचलून बघायला लागल्या.

“आटवल कुठाय?”

“काय आठवलं?” मी विचारलं.

“आटवल हो! आटवल!” त्यांनी झाकण आपटलं. “इतकं आटवल पोटात जाऊन पोर उतरत्येय म्हणजे काहीतरी मोठं दुखणं आहे, या धास्तीने मी रात्रभर डोळ्याला डोळा नाही लावला. दाखवा मला, कसं करत होतात ते.”

“आई, आटवल म्हणजे काय?”

“मऊ भात! मूठभर जुने तांदूळ, चिमूटभर मूगडाळ, हिंग-जिरं, आणि भरपूर पाण्यात शिजवून आटवायचं. आजारातून उठलेल्याला दुसरं काय घालतात? गेले तीन दिवस मी तुम्हाला दुसरं काय विचारत होते?”

माझ्या कानात तीन दिवसांचा वारा एकदम थांबला. खूप नको. थोडं थोडं. दिवसातून चार वेळा. तूप दोन दिवसांनी. लागेल! भांड्याला लागेल! मिरी!

“मला वाटलं,” मी म्हटलं, आणि माझे कान इतके तापले की त्यावर पोळी भाजली असती, “तुम्ही विचारताय, आठवलं का.”

“काय आठवलं का?”

“तुम्ही. म्हणजे... मला तुमची आठवण येते का.”

दारात ऋजुता उभी होती. तिच्या तोंडून आधी शिट्टीसारखा एक आवाज निघाला, मग ती चौकट धरून हळूहळू खाली बसली आणि पोट दाबून हसायला लागली. सानिकाही तिच्याकडे बघून खिदळली. सासूबाई हसल्या नाहीत. त्या नळाकडे बघत होत्या.

“मी कशाला असलं काही विचारीन?” त्या म्हणाल्या.

“हो ना.”

“आणि तुम्ही हो म्हणालात.”

“हो.”

“खूप म्हणालात.”

“हो.”

“डोळ्यांत पाणी येतं म्हणालात.”

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी पदराचं टोक उगाचच खांद्यावर नीट केलं. मग पाठ फिरवली आणि म्हणाल्या, “पातेलं काढा. हाताने करणार तुम्ही, मी सांगणार.” त्या चिडल्या असणार. पाठ फिरवली ती बराच वेळ वळल्याच नाहीत, आणि पदराने दोनदा नाक पुसलं. प्रवासात सर्दी झाली असेल.

तांदूळ त्यांनी पिशवीतूनच आणले होते. मी प्रमाण विचारलं. म्हणाल्या, मूठ. मी विचारलं, कुणाची मूठ? म्हणाल्या, “ज्याला भूक त्याची.” मी वर्गात काँक्रीटचं एक-दोन-चार प्रमाण शिकवणारा माणूस, मला घाम फुटला. पाणी किती? “बुडेल आणि वर बोलेल इतकं.” केव्हा झालं समजायचं? “चमचा उभा धरलात तर राहू नये, पण विचार करून पडावा.” हे मात्र मला कळलं. ओल्या काँक्रीटची आम्ही नेमकी अशीच परीक्षा घेतो!

झालेलं आटवल पांढरंशुभ्र, वर तुपाचा थेंब, वास असा की मीच दोन चमचे खाल्ले. भाताबद्दल मी आजवर जे काही बोललो ते मागे घेतो.

सानिकाने पहिला चमचा घेतला. दुसरा घेतला. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. तिसऱ्याला दार बंद.

सोमवार, २७ जानेवारी

सकाळपासून पाच वेळा आटवल केलं. ताजं, कोमट, थोडं पातळ, थोडं दाट, तुपाचं, बिनतुपाचं. मी आता झोपेतही करू शकेन. पण ती खात नाही. ऋजुताने भरवून पाहिलं. मी विमान करून पाहिलं, एसटी करून पाहिलं, जयगडची फेरीबोट करून पाहिलं. सासूबाईंनी डाव्या हाताने भरवलं, तो चमचा थरथरत तिच्या कानात गेला. शेवटी त्या म्हणाल्या, “पुरे. जबरदस्ती केलीत तर भाताला जन्मभर भिईल.”

चिमाकाकींनी पाचही वाट्यांमधलं उरलेलं पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. चिमाकाकी बोलत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटते.

उद्या संध्याकाळी पाचला काट्यावर ठेवायचीय. तिच्या इवल्या हातात सुई, ही कल्पना डोक्यातून जात नाही. ऋजुताने आजच पिशवी भरून ठेवली, टॉवेल, कपडे, तिचा रबरी हत्ती. मी बाप म्हणून नापास झालोय, आणि या निकालावर कुणी ओकलेलंही नाही.

मला कसंतरीच होतंय. मळमळतंय. काळजीनेच असणार.

बुधवार, २९ जानेवारी

काळजीने नव्हतं.

काल सकाळी सहा वाजता घरातला पायांवर उभा असलेला माणूसही आडवा झाला. वर्णन करत नाही. दुपारी बारापर्यंत मी बैठकीच्या खोलीत गादीवर सतरंजीसारखा पसरलेला होतो. ओआरएस चमच्याचमच्याने पीत होतो आणि मला माझ्या लेकीबद्दल अतोनात आदर वाटत होता. ते काय चवीचं असतं हे आधी बापांना पाजून दाखवायला हवं.

दुपारी सासूबाई वाटी घेऊन आल्या. केलं होतं ऋजुताने. पाटावर बसल्या, प्लास्टरचा हात गुडघ्यावर टेकवला, डाव्या हातात चमचा धरला.

“मला नको, आई. खरंच नको.”

“सकाळपासून पोटात काही नाही. आ कर.”

“आई, मी घेईन माझं...”

“आ कर म्हटलं ना!”

मी आ केला. चमचा थरथरत आला, थोडं हनुवटीवर सांडलं, बाकीचं आत गेलं. त्यांनी अंगठ्याने हनुवटी पुसली. पुन्हा म्हणाल्या, “आ.” मी बत्तीस वर्षांचा माणूस. डोळे मिटले आणि पुन्हा तोंड उघडलं.

तेवढ्यात ऋजुता दबक्या आवाजात म्हणाली, “आई, इकडे बघ.”

ऋजुताच्या मांडीवर सानिका पुढे वाकून बसली होती. डोळे माझ्या तोंडावर खिळलेले. आणि तिचं तोंड उघडं होतं! पूर्ण! अडीच दात, जीभ, सगळं दिसत होतं.

ऋजुताने हळूच दुसरी वाटी, दुसरा चमचा घेतला आणि भरला. सानिकाने गिळलं आणि ओठ मिटले. सासूबाईंनी मला घास दिला. मी आ केला, सानिकाने आ केला. तिच्या तोंडात घास गेला. पुन्हा मिटलं. पुन्हा मला. पुन्हा तिला. पाचव्या चमच्याला छत फिरायला लागलं, पण मी थांबलो तर ती थांबणार होती. सासूबाईंनाही ते कळलं होतं. त्यांनी माझे घास नखाएवढे केले आणि मला प्रत्येक वेळी मोठ्ठा आ करायला लावला. अकरा घास! अकरावा घास गिळून सानिकाने मांडीवर थाप मारली, माझ्याकडे पाहिलं आणि ढेकर दिला. मी गादीत तोंड खुपसून रडलो. या वेळी मिरी कुणी काढली नाही.

चार वाजता पुन्हा नऊ घास झाले. पाचला ऋजुता आणि सासूबाई तिला घेऊन गेल्या. मी गादीवर पडून भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. सहाला ऋजुताचा फोन आला. सात किलो सहाशे चाळीस. म्हणाली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन उतरायचं थांबलं, खायला लागली, आता दाखल करायची गरज नाही, असंच चालू ठेवा आणि शनिवारी दाखवा. म्हणे त्यांनी विचारलं, ही एकदम कशी खायला लागली? तर सासूबाई म्हणाल्या, “हिचा बाप समोर बसून खातो ते बघून.” आणि फोनमध्ये मागून सानिका काहीतरी जोरजोरात ओरडत होती. मी गादीवर उठून बसलो आणि एकटाच टाळ्या वाजवल्या.

आज माझं पोट बरं आहे. सानिका सकाळपासून तीन वेळा जेवली. अट एकच, समोर मी हवा आणि मी आधी आ करायला हवा. ऋजुताने आ केला तर चालत नाही, चिमाकाकींनी करून पाहिला तेव्हा तर ती घाबरून रडली. सासूबाई शनिवारची तपासणी झाल्यावर जाणार होत्या, आता म्हणतात पुढच्या आठवड्यात बघू. सासऱ्यांचा फोन आला होता, मोहोराला तुडतुडे लागलेत म्हणून. त्यांना सांगितलं, “तुमचे तुडतुडे तुम्ही बघा, इथे मला कामं आहेत.”

चौथ्या वेळची वाटी तयार झालेली दिसतेय, हिंगाचा वास आला. मला आत्ता एक घाससुद्धा जाणार नाही, दुपारपासून पोट तुडुंब आहे. पण आतून सासूबाईंची हाक येतेय :

“हर्षद, लिहिणं पुरे झालं. ये लवकर, आ कर. पोर ताटकळलीय.”